बदली म्हणजे जबाब नव्हे

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी, एका महाविद्यालयात शिकवीत होतो. तेथील स्नेहसंमेलनाच्या शेवटच्या रात्री नाटक होते. सभागृहाला दोन दारे. त्यांपैकी मागचे दार कुलूपबंद. नाटक संपायला आणि पावसाची सर यायला एकच गाठ पडली. बाहेर पडलेली मुले पुन्हा आत शिरू लागली, आतली बाहेर येऊ लागली, आणि एकाच दारात रेटारेटी झाली. एका मुलीचा हात मोडला, दोघेतिघे तुडवले गेले. जिवावर बेतले ते शेपटावर निभावले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सूचनाफलकावर कागद लागला. दारावरच्या शिपायाला निलंबित केले होते. कागद लागताच सगळ्यांना हायसे वाटले. प्राध्यापकांच्या खोलीत चहा आला. मागचे दार बंद का होते, त्याची किल्ली कोणापाशी होती, ती आदल्या दिवशी कोणी मागितली होती काय, हे कोणी विचारले नाही. शिपायाने ती मागितली होती. किल्ली कार्यालयातल्या कपाटात होती आणि कपाट उघडण्याचा अधिकार असलेले गृहस्थ रजेवर होते. तीन महिन्यांनी शिपाई गुपचूप कामावर परत आला. पुढच्या वर्षीच्या संमेलनात मागचे दार बंदच होते.

ही गोष्ट लहान आहे. परंतु आपल्या देशात, आणि शेजारच्या देशातही, एखाद्या शहरात मोठा घात होतो, माणसे मरतात, सुरक्षाव्यवस्था कोलमडते, तेव्हा पुढे जे घडते ते या लहान गोष्टीपेक्षा फारसे वेगळे नसते. फरक इतकाच की शिपायाच्या जागी पोलीस आयुक्त असतो. तो मोठा माणूस असल्यामुळे त्याची कीव कोणाला येत नाही, आणि तो मोठा अधिकारी असल्यामुळे त्याला खरे प्रश्नही कोणी विचारत नाही. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की पोलीसप्रमुखाने जबाब दिला पाहिजे. पण त्याला खुर्चीवरून उठवले म्हणजे जबाब मिळाला, असे समजणे ही आपण स्वतःचीच केलेली फसवणूक आहे.

शब्दच पाहा. 'जबाबदारी' या शब्दात 'जबाब' आहे. आमच्या या अंकाच्या कन्नड विभागातले विद्यार्थीही 'जवाबदारी' असाच शब्द वापरतात. दोन्ही भाषांनी तो एकाच घरून आणला. ज्याने जबाब द्यायचा तो जबाबदार. शिक्षा भोगायची तो नव्हे, राजीनामा द्यायचा तोही नव्हे. शिक्षा आणि राजीनामा या नंतरच्या गोष्टी झाल्या. आधी उत्तर हवे. आपण मात्र नेमके उलटे करतो. आधी माणूस हलवतो, आणि तो हलला की प्रश्नही हलतो.

बेळगावात राहणाऱ्या माणसाला दोन राजधान्यांकडे पाहण्याची सवय असते. वाचनालयात मराठी वृत्तपत्र आणि कन्नड वृत्तपत्र शेजारी शेजारी पडलेले असतात. म्हणून एक उदाहरण मुंबईचे घेतो, एक बंगळूरचे, आणि या दोन्हींहून अधिक शिकवणारे एक समुद्रापलीकडचे, कोलंबोचे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला चढवला. छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालयाचा परिसर, ताज आणि ओबेरॉय-ट्रायडेंट ही हॉटेले, नरिमन हाऊस. २९ तारखेच्या सकाळपर्यंत ते चालले. १६६ माणसे गेली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे अधिकारी एकाच गाडीत गोळ्यांना बळी पडले. कामटे त्याआधी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते; आपल्या या भागातल्या कितीतरी जणांना ते नाव आधीपासून ठाऊक होते. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर घेऊन कसाबला जिवंत पकडून दिले. त्यांच्या हातात काठी होती. हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो, आणि म्हणावेच. पण समोरच्याच्या हातात एके-४७ असताना आमच्या माणसाच्या हातात काठी का होती, हा प्रश्न त्या अभिमानाखाली झाकला जाऊ नये.

हल्ल्यानंतर काही दिवसांतच केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी पदे सोडली. डिसेंबरअखेर राज्य शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि निवृत्त पोलीस अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्य समिती नेमली. समितीने २००९ च्या एप्रिलमध्ये अहवाल दिला. तो लगेच लोकांपुढे आला नाही. जूनमध्ये पोलीस आयुक्त हसन गफूर यांना आयुक्तपदावरून हलवून पोलीस गृहनिर्माण महामंडळावर पाठवण्यात आले, आणि अहवाल विधिमंडळापुढे आला तो डिसेंबरात.

समितीचा गफूर यांच्यावरील मुख्य ठपका नेतृत्वाचा होता. शहरात एकाच वेळी पाचसहा ठिकाणी आग लागलेली असताना आयुक्त ट्रायडेंटजवळ एकाच जागी थांबले. सगळ्या शहराची सूत्रे हाती घेतलेला सेनापती म्हणून ते कोठे दिसले नाहीत, असा त्याचा आशय. हा ठपका मला योग्य वाटतो. आयुक्ताने जिवाची पर्वा न करता एका मोर्चावर उभे राहणे हे धैर्याचे काम असेल, पण ते आयुक्ताचे काम नव्हे. एका मोर्चावर लढणारा अधिकारी शहरात दुसराही असतो. सर्व मोर्चांकडे एकदम पाहू शकणारी जागा मात्र एकच असते, आणि ती रिकामी राहिली तर खालचे शूर लोक आपापल्या अंदाजाने अंधारात पुढे जातात.

पण समितीने एवढेच म्हटले काय? नाही. धोक्याच्या सूचना पूर्वीपासून येत होत्या आणि त्यांची छाननी करून पुढे पाठवण्याची यंत्रणा ढिली होती, हेही तिने नोंदवले. शीघ्र कृती दलांना नेमबाजीच्या सरावासाठी पुरेशी काडतुसे मिळत नव्हती, हेही नोंदवले. शस्त्रखरेदीच्या फायली मंत्रालयात कशा फिरतात, तेही त्यात आले. आता विचारा, काडतुसांची मंजुरी आयुक्ताच्या हाती असते काय? आयुक्त मागणी करतो. पैसा देणारे हात दुसरे असतात. शिवाय या समितीला चौकशी आयोगाचे अधिकार नव्हते. केंद्रीय गुप्तचर यंत्रणांना बोलावून तुम्हांला काय ठाऊक होते असे विचारणे तिच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे जबाब फक्त मुंबई पोलिसांना मागायचा, वर मागायचा नाही, हे आधीच ठरून गेले होते. एवढा मोठा अहवाल, पण लोकांच्या स्मरणात राहिले ते एकच नाव.

आणि बाकीच्यांचे काय झाले? विलासराव २००९ च्या मे महिन्यात केंद्रात मंत्री झाले. आर. आर. पाटील त्याच वर्षी निवडणुकीनंतर पुन्हा त्याच गृहखात्यात आले. शिवराज पाटील २०१० च्या जानेवारीत पंजाबचे राज्यपाल झाले. मी हे कोणा एका व्यक्तीला किंवा पक्षाला डिवचण्यासाठी लिहीत नाही. दुसरे कोणी असते तरी असेच झाले असते. सांगायचे ते असे की यांपैकी एकाही राजीनाम्याबरोबर काय चुकले याचे लेखी उत्तर आले नाही. १९५६ साली अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, ही कथा आपण प्रत्येक वक्तृत्वस्पर्धेत ऐकतो. शास्त्रींचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्या कथेने आपल्याला एक वाईट सवयही लावली. राजीनामा हीच जबाबदारीची परमावधी, असे आपण मानू लागलो. जो राजीनाम्याने सुटतो त्याला पुढे कोणी काही विचारत नाही.

मुंबईच्या प्रकरणात खरा जबाब मागितला तो एका बाईंनी. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली पोलीस नियंत्रण कक्षाच्या त्या रात्रीच्या संभाषणांच्या नोंदी मागितल्या, त्यांसाठी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये पुस्तक लिहून त्या लोकांपुढे ठेवल्या. आपला पती आणि त्याचे सहकारी जखमी होऊन पडले असताना मदत वेळेवर का पोहोचली नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे निष्कर्ष संबंधित अधिकाऱ्यांनी अमान्य केले. तो वाद येथे सोडवण्याचा माझा अधिकार नाही. पण वाद झाला तो नोंदींवर. कोणता निरोप किती वाजता आला, कोणी घेतला, पुढे कोणाला दिला, यावर झाला. याला म्हणतात जबाब मागणे. ही गोष्ट एका विधवेला करावी लागली आणि शासनाला सुचली नाही, याचे आपल्याला वाईट वाटले पाहिजे.

आता बंगळूर. ३ जून २०२५ च्या रात्री अहमदाबादला बंगळूरच्या संघाने आयपीएलची स्पर्धा जिंकली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. रात्रभर शहर रस्त्यावर होते आणि पोलीसही. दुसऱ्याच दिवशी विधानसौधाच्या पायऱ्यांवर सत्कार आणि मग चिन्नस्वामी मैदानावर सोहळा, असा बेत ठरला. मैदानात माणसे मावतात पस्तीस हजारांच्या आतबाहेर. लोटले काही लाख. दारांपाशी चेंगराचेंगरी होऊन ११ माणसे मेली. त्यांत बहुतेक तरुण, तुमच्या वयाचे. दुसऱ्या दिवशी, ५ जूनला, पोलीस आयुक्त बी. दयानंद यांच्यासह पाच पोलीस अधिकारी निलंबित झाले.

येथे घाई पाहण्यासारखी आहे. मृतांचे अंत्यसंस्कार पुरते झाले नव्हते, चौकशी आयोगाने एक साक्ष घेतली नव्हती, आणि दोष कोणाचा हे ठरून गेले होते. विधानसौधाच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या पोलीस उपायुक्तांनी त्याच दिवशी अपुऱ्या मनुष्यबळाबद्दल लेखी सावध केले होते, हे नंतर बाहेर आले. १ जुलै रोजी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाने त्या पाचांपैकी एका अधिकाऱ्याचे निलंबन रद्द केले. रीतसर परवानगी न घेता समाजमाध्यमांवरून लोकांना बोलावले गेले, बंदोबस्ताला पोलिसांना जेमतेम बारा तास मिळाले, आणि पोलीस हा काही देव नव्हे की जादूगार नव्हे, असा त्या निर्णयाचा सूर होता. त्याच जुलैत न्यायमूर्ती कुन्हा यांच्या आयोगाचा अहवाल शासनाच्या हाती आला. त्यात आयोजकांबरोबर पोलिसांच्या ढिलाईवरही बोट ठेवले होते. आणि जुलैच्या अखेरीस शासनाने निलंबन मागे घेतले.

मित्रहो, हा क्रम पुन्हा एकदा वाचा. चौकशीच्या आधी निलंबन, आणि चौकशीत उणिवा निघाल्यावर निलंबन रद्द. याला न्याय म्हणावे की थट्टा? आयुक्त निर्दोष असतील तर त्यांना पहिल्या दिवशी काढले कशाला? दोषी असतील तर अहवालानंतर घेतले कसे? या दोन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर मिळायला हवे. पण उत्तर देणे हा त्या निलंबनाचा हेतूच नव्हता. कायद्याच्या भाषेत निलंबन ही शिक्षा नव्हेच. चौकशीत अडथळा येऊ नये म्हणून केलेली ती तात्पुरती सोय आहे. तिचा उपयोग मात्र आपल्याकडे संतापलेल्या जमावापुढे टाकायच्या तुकड्यासारखा होतो. पुढे तोच अधिकारी परत येतो, तोवर वर्तमानपत्रांना दुसरा विषय मिळालेला असतो. सत्काराची घाई कोणाला झाली होती, 'आज नको, चार दिवसांनी करू' असे कोणी म्हटले होते काय, आणि म्हटले असल्यास ते कोणी ऐकले नाही, हे प्रश्न बाजूला राहतात. त्या मैदानाचेही मागचे दार बंदच राहते.

तिसरे उदाहरण कोलंबोचे, आणि मला वाटते आपण सर्वांत अधिक शिकावे ते त्यापासून. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. श्रीलंकेत तीन चर्चमध्ये आणि तीन मोठ्या हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्यांत प्रार्थनेला आलेली लहान मुले होती. यातली सर्वांत भयंकर गोष्ट अशी की हा हल्ला होणार हे आधी कळलेले होते. भारताकडून ४ एप्रिललाच तशी सूचना गेली होती. ९ एप्रिल रोजी राष्ट्रीय गुप्तवार्ता प्रमुखांनी पोलीस महानिरीक्षक पुजित जयसुंदर यांना पत्र लिहून ती कळवली. महानिरीक्षकांनी ते पत्र आपल्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पुढे पाठवले. पत्र टेबलावरून टेबलावर गेले. चर्चच्या दारापर्यंत गेले नाही.

स्फोटांनंतर राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेन यांनी संरक्षण सचिव आणि महानिरीक्षक या दोघांना पद सोडण्यास सांगितले. सचिवांनी राजीनामा दिला. महानिरीक्षकांनी दिला नाही. त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि संसदेच्या निवड समितीपुढे साक्षीला उभे राहिले. तेथे त्यांनी सांगितले की, राष्ट्राध्यक्षांशी बिनसल्यामुळे कित्येक महिने आपल्याला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकांना बोलावलेच जात नव्हते. आणि स्फोटांनंतर, दोष स्वतःकडे घेऊन राजीनामा दिलात तर परदेशात वकिलातीत नेमणूक मिळेल, असे आपल्याला सुचवण्यात आले. हा त्यांचा दावा होता, आणि माणूस अडचणीत असताना आपल्या सोयीचेच बोलतो हे खरे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी मुकाट्याने राजीनामा दिला असता तर हे काही बाहेर आलेच नसते. राजीनामा न देणे ही येथे निर्लज्जपणाची नव्हे, तर लोकांच्या उपयोगाची गोष्ट ठरली.

मग ते निर्दोष सुटले काय? येथेच श्रीलंकेच्या न्यायालयांनी एक मोलाचा भेद करून दाखवला. फौजदारी खटल्यात २०२२ च्या फेब्रुवारीत कोलंबोच्या उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. कर्तव्यातील कसूर म्हणजे खून नव्हे, हे समजण्यासारखे आहे. पण मृतांच्या नातलगांनी आणि इतरांनी मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल केलेल्या अर्जांवर १२ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी निकाल दिला. इशारा असूनही ज्यांनी हालचाल केली नाही त्यांनी नागरिकांच्या हक्कांचा भंग केला, असे ठरवून प्रत्येकाला स्वतःच्या खिशातून भरपाई भरायला सांगितले: माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेन यांना दहा कोटी श्रीलंकन रुपये, महानिरीक्षक जयसुंदर आणि गुप्तचर सेवेचे प्रमुख नीलंत जयवर्धन यांना प्रत्येकी साडेसात कोटी, संरक्षण सचिवांना पाच कोटी, राष्ट्रीय गुप्तवार्ता प्रमुखांना एक कोटी.

या आकड्यांत एक विचार आहे. पोलीसप्रमुखाला माफ केलेले नाही. मला बैठकीला बोलावले नव्हते, ही तक्रार खरी मानली तरी ९ एप्रिलचे पत्र तर हातात होते. त्यावर काय केले? पण सर्व भार त्याच्यावरही टाकलेला नाही. सर्वांत मोठा आकडा सर्वांत वरच्या खुर्चीपुढे लिहिला आहे. ज्याच्या हाती जितकी सत्ता, त्याच्या माथी तितका दोष. आपल्याकडे ही वाटणी नेमकी उलटी असते. पाण्यासारखा दोषही उताराने खालीच वाहतो.

या तीन उदाहरणांवरून पोलीसप्रमुखाला कोणते प्रश्न विचारावेत, हे मला ठरवता येते. ते चार आहेत. पहिला, तुम्हांला काय कळले होते आणि केव्हा? दुसरा, कळल्यावर तुम्ही कोणता हुकूम दिला, आणि तो शेवटच्या शिपायापर्यंत पोहोचला याची खात्री केलीत काय? नुसते 'पुढील कार्यवाहीसाठी रवाना' असे लिहिले असेल तर ते उत्तर नव्हे. तिसरा, प्रसंग चालू असताना तुम्ही कोठे होता, आणि सूत्रे कोणाच्या हाती होती? चौथा, जे तुमच्या हाती नव्हते, मग ती काडतुसे असोत, माणसे असोत की सोहळा पुढे ढकलण्याचा अधिकार, ते तुम्ही वर लेखी मागितले होते काय?

पहिल्या तिन्ही प्रश्नांत जो नापास होतो त्याला जायलाच हवे, मग तो कितीही लोकप्रिय असो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दुधारी आहे. 'होय, मागितले होते' असे उत्तर आले की प्रश्न मंत्रालयात जातो. 'नाही, तोंडी बोललो होतो' असे आले की तो परत आयुक्तापाशी येतो. म्हणून वर बसलेल्यांना हा चौथा प्रश्न मुळीच आवडत नाही, आणि म्हणून माणूस बोलायच्या आधीच त्याची बदली होते.

यावर काही आक्षेप येतील. आमचे एक सहकारी म्हणतात, लोक खवळलेले असताना शासनाने हातावर हात ठेवून बसायचे काय? चौकशीला वर्ष लागते. तोवर त्याच माणसाच्या हाती शहर ठेवायचे? आक्षेप रास्त आहे. मला वाटते, प्रमुखाला तात्पुरते बाजूला करण्यास हरकत नाही. पण त्याबरोबर शासनाने तारीख लिहून द्यावी. अमुक दिवसांत चौकशी, अमुक दिवशी अहवाल सभागृहात, आणि चौकशीच्या कक्षेत स्वतः शासनही. तारखेशिवायचे निलंबन म्हणजे पडदा.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक चुकीचा हिशोब मागू लागलो तर कोणी अधिकारी धाडसाने निर्णय घेणार नाही. मला उलटे दिसते. ज्याला ठाऊक आहे की चार प्रश्न नेमके कोणते विचारले जातील, तो निर्धास्तपणे निर्णय घेतो. ज्याला ठाऊक आहे की काही झाले तरी बळी आपलाच जाणार, तोच निर्णय टाळतो. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग यांच्या खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना आदेश दिले, त्यांचा गाभा हाच होता. पोलीस महासंचालकाला किमान दोन वर्षे हलवू नये, राज्य सुरक्षा आयोग नेमावा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. म्हणजे एकीकडे संरक्षण, दुसरीकडे हिशोब. दोन्ही एकदम हवेत. राज्यांनी मात्र हे आदेश कोठे अर्धेमुर्धे तर कोठे कागदावरच पाळले. खुर्चीची शाश्वती नसलेला पोलीसप्रमुख मंत्र्याला 'आज सत्कार नको' असे सांगेल, ही अपेक्षा कशाच्या बळावर धरायची?

तिसरा आक्षेप तुमच्यापैकी काही जण मनात घेतीलच: सर, आम्हांला याच्याशी काय करायचे आहे? बेळगावच्या विद्यार्थ्याने हे विचारू नये. अधिवेशन असो, मोर्चा असो, मिरवणूक असो, आपल्याएवढा बंदोबस्त फार थोड्या शहरांनी पाहिला असेल. दोरीच्या एका बाजूला तुम्ही उभे असता आणि दुसऱ्या बाजूला तुमच्याच वयाचा, सकाळपासून उपाशी असलेला शिपाई. चुकीचा हुकूम सुटला तर डोके फुटते ते या दोघांपैकी एकाचे. शिवाय तुमच्यातलेच काही जण उद्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देऊन त्या खुर्च्यांवर बसणार आहेत. त्यांना मला आताच सांगायचे आहे. जे धोक्याचे वाटते ते लेखी कळवा. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा. आणि आलेला इशारा पुढच्या टेबलावर सरकवला म्हणजे आपले काम संपले, असे कधी मानू नका. कोलंबोचे ते पत्र लक्षात ठेवा.

आणि नागरिक म्हणून आपण सर्वांनी एक गोष्ट करावी. मोठी दुर्घटना झाली आणि दुसऱ्या दिवशी 'आयुक्त निलंबित' असा मथळा दिसला की समाधानाने वर्तमानपत्र मिटू नये. सहा महिन्यांनी विचारावे, अहवाल कोठे आहे? वर्षाने विचारावे, त्यातल्या शिफारशींचे काय झाले? ओंबळ्यांचे स्मरण दर २६ नोव्हेंबरला होते, फुले वाहिली जातात. त्यांच्या ठाण्यातल्या आजच्या शिपायाला सरावासाठी पुरेशी काडतुसे मिळतात काय, असेही त्या दिवशी कोणी विचारले तर ते स्मरण अधिक खरे होईल.

आपले स्नेहसंमेलन पुढच्या महिन्यात आहे. सभागृहाला येथेही दोनच दारे आहेत. विद्यार्थी प्रतिनिधींना माझी विनंती आहे की, नाटकांची यादी लावाल त्या फलकावर आणखी एक कागद लावावा: मागच्या दाराची किल्ली कोणापाशी आहे, आणि तो गृहस्थ रजेवर असल्यास कोणापाशी असेल.